लेकीच्या चालीनं

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला रस्त्यानं चालत न्यायचं तर घाई घरी ठेवूनच निघावं लागतं. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून पाळणाघर तसं हाकेच्या अंतरावर. एकटी गेले तर पाच-सात मिनिटांत पोचते. लेकीबरोबर तेवढ्याच वाटेला अर्धा-पाऊण तास लागतो. नऊला निघायचं असेल तर साडेआठलाच चपलांची शोधाशोध सुरू होते, कारण चपला तिच्या तिनंच घालायच्या असतात आणि उजवी डाव्या पायात गेली तरी ती कुणी बदललेली तिला खपत नाही. "मी मी" म्हटलं की विषय संपला.

कडेवर घेतलं तर सगळंच झटपट उरकतं. स्कूटरवर पुढ्यात उभं केलं तर त्याहून झटपट. आजूबाजूचे बहुतेक आईबाप तेच करतात, आणि ऑफिसची वेळ, ट्रॅफिक, डबा, धुणं हे सगळं मलाही चुकलेलं नसल्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचं माझ्या मनातही येत नाही. पण शहरात वाढणाऱ्या लहान मुलाला रोज थोडं तरी पायी चालायला मिळायलाच हवं, याविषयी माझ्या मनात आता काडीचीही शंका उरलेली नाही. तेही बागेतल्या ट्रॅकवर गोल गोल नाही. वस्तीतल्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावर, जिथे माणसं आपापली कामं करत असतात.

आम्ही पुण्यात राहतो, कर्वे रस्त्यापासून आत. इथे जुने बंगले आणि तीन मजली सोसायट्या पाडून उंच इमारती उभ्या राहताहेत. दर दोन-चार इमारतींमागे एक पत्र्याचं कुंपण आणि त्यामागे खणकाम. मोठ्यांना याची धूळ आणि आवाज नकोसा होतो. लेकीसाठी मात्र सकाळचं सगळ्यांत मोठं आकर्षण तिथेच असतं, ते म्हणजे जेसीबी. तो खाली वाकतो, माती उचलतो, मागे फिरतो, ट्रकमध्ये ओततो. हे ती इतक्या एकाग्रपणे बघते की तिला हाक मारू नये असं वाटतं. माती पडली की "पल्ली" म्हणते आणि पुढची खेप येईस्तोवर तिथून हलत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, तशीच, पुरती होताना बघायची भूक या वयात केवढी असते, हे मला तिच्याशेजारी उभं राहिल्यावर समजलं.

पुढे पिठाची गिरणी लागते. गिरणीवाले काका पट्टा सुरू करायच्या आधी एकदा दाराकडे नजर टाकतात. ती आली असेल तर थोडं थांबतात, तिला आत बघू देतात आणि मग बटण दाबतात. एवढा मोठा आवाज सुरू झाला की तिला धडकी भरते. ती माझा पाय घट्ट धरते, पण जायचं का विचारलं तर मान हलवून नाही म्हणते. नळीला बांधलेली कापडी पिशवी फुगते, खाली डब्यात पीठ पडू लागतं. काका चिमूटभर ऊन ऊन पीठ तिच्या तळहातावर ठेवतात. ते ती पाळणाघरापर्यंत मुठीत सांभाळून नेते. तिथल्या काकूंनी मूठ उघडली की आत घामानं भिजलेला छोटासा गोळा असतो. मग काकू विचारतात, "आज ज्वारी का गहू?" ती काहीतरी एक उत्तर देते. काकू मात्र वास घेऊन खरं काय ते सांगतात.

इस्त्रीवाले काका आहेत, त्यांच्या टपरीवर कपड्यांवर पाणी शिंपडण्याची बाटली असते. भाजीवाल्या मावशी आहेत. मटारच्या दिवसांत त्या एक शेंग फोडून देतात आणि दाणे तिच्याकडून मोजून घेतात. "एक, दोन, पाच" अशी तिची मोजणी चालते आणि मावशी ती अजिबात दुरुस्त करत नाहीत. सोसायटीचे वॉचमन मामा मराठवाड्यातले. त्यांची स्वतःची नात गावाकडे याच वयाची आहे. रिक्षा स्टँडवरचे एक दादा रोज तिला विचारतात, "कुठं सोडू?" आणि ती रोज ठणकावून सांगते, "चालत!"

ही सगळी माणसं तिला ओळखतात. मला मात्र ती "हिची आई" म्हणूनच ओळखतात. लग्नानंतर पाच-सहा वर्षं याच रस्त्यावरून मी जात-येत होते आणि यातल्या एकाशीही भाजी किंवा कपड्यांपलीकडे बोलले नव्हते. लेक चालायला लागली, आणि तिच्या चालीनं चालता चालता मला शेजार मिळाला.

अनोळखी माणसांवर एवढा विश्वास टाकावा का, असं मला मैत्रिणी विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि मुलीच्या आईला तो जास्तच छळतो. म्हणून नियम पक्के आहेत. तिचं बोट माझ्या हातात, कुणी काही दिलं तर आधी माझ्याकडे बघायचं, कुणाकडे जायचं नसेल तर जायचं नाही आणि पापी द्यायला कुणीही सांगितलं तरी द्यायची नाही, अगदी घरच्यांनीसुद्धा. पण सगळं जगच दाराबाहेर ठेवणं हा या भीतीवरचा उपाय नाही. रोज दिसणारी, रोज तीच जागा धरून बसणारी, एकमेकांना ओळखणारी माणसं रस्त्यावर असली तर तो रस्ता रिकाम्या रस्त्यापेक्षा सुरक्षित असतो. ज्या दिवशी भाजीवाल्या मावशी गावाला गेलेल्या असतात, त्या दिवशी तो कोपरा मलाही जरा ओका वाटतो.

माझं बालपण मिरजेत गेलं, वाड्यात. आई सांगते, तुला कुणी वाढवलं ते मलाही नीट सांगता यायचं नाही, सकाळी एकीच्या ओसरीवर तर दुपारी दुसरीच्या. ती हे कौतुकानं सांगते. पण त्याच वाड्यातल्या सुनांना दुपारी पाठ टेकायलाही मिळत नसे आणि पोर रडलं की आधी आईलाच बोल लागायचा, हेही तिनंच कधीतरी सांगितलेलं आहे. म्हणून मी वाड्यासाठी उसासे टाकत नाही. आमच्या घराचं दार बंद करता येतं, नवरा-बायको मिळून मुलीचं शी-शू, आंघोळ, भरवणं करतो आणि यात मला स्वातंत्र्य वाटतं. पण बंद दाराआड तीनच माणसं असली की मुलाला बाकीचं जग मिळणार कुठून? बऱ्याच घरांत त्याचं उत्तर मोबाइल झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की वर्षाच्या आतल्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. तीन तास! दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, खालच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी झोपलेले असताना, हे तीन तास कसे भरायचे? जी आई एका हातानं पोळ्या लाटते आणि दुसऱ्या हातानं मूल आवरते, तिला नुसतं "मोबाइल देऊ नका" म्हणून भागत नाही. मुलाला पायी बाहेर पडता येईल असा रस्ताही तिला द्यायला हवा.

आणि रस्ता कसा आहे?

हे समजून घ्यायला तिच्या उंचीवर यावं लागतं. आमच्या वाटेवर एका ठिकाणी फुटपाथ संपतो आणि सोसायटीच्या गाड्यांसाठी उतार काढलाय, त्यानंतर तो परत सुरू होतो. माझ्या पायांना तो चढउतार कळतही नाही. लेक तिथे येते आणि थांबते. पुढे वाकून खाली बघते. मग माझं बोट सोडते, वळते, रस्त्याकडे पाठ करून दोन्ही तळहात पेव्हर ब्लॉकवर टेकवते आणि एकेक पाय मागे सोडत, पलंगावरून उतरावं तशी, पोटावर घसरत खाली उतरते. उतरली की हात झटकते. मग चार पावलांवर पुन्हा चढ. तिथे गुडघा वर टेकवायचा, फ्रॉक सावरायचा आणि चढायचं. त्यात एखादी मोटारसायकल फुटपाथवर लावलेली असते आणि तिचा तापलेला सायलेन्सर नेमका तिच्या दंडाच्या उंचीला येतो. गाड्यांचा धूर आपल्या पोटऱ्यांना लागतो, तिच्या तो तोंडावर येतो. कचऱ्याचा डबा तिच्या नाकाशी, लोंबणारी केबलची वायर तिच्या गळ्याशी.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. म्हणजे हे सगळं आधीच कुणीतरी विचार करून लिहून ठेवलेलं आहे. एवढंच नाही, तर बर्नार्ड व्हॅन लीर फाउंडेशन या डच संस्थेच्या 'अर्बन९५' नावाच्या उपक्रमात पुणे महापालिकाही सहभागी झाली. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते, त्या उंचीवरून शहर कसं दिसतं ते बघा आणि मग आखा, असं तो उपक्रम म्हणतो. मी हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पुण्यातच जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद केला, तिथे बसायला जागा आणि मुलांना खेळायची साधनं केली. सुट्टीच्या दिवशी लेकीला तिथे नेलं की ती बोट सोडून धावते, आणि रस्त्याच्या कडेला मी तिला असं मोकळं धावू देते अशी ती एकमेव जागा आहे. तिथे जमलं ते आमच्या गल्लीत का जमू नये, हा माझा साधा प्रश्न आहे. मुलं काही रोज जंगली महाराज रस्त्यावर राहत नाहीत.

आता त्या पत्र्याच्या कुंपणाविषयी सांगायलाच हवं. त्याला एके ठिकाणी फट आहे. एकदा लेक जेसीबी बघायला तिथे उकिडवी बसली, तर पलीकडून एक मुलगा तसाच उकिडवा बसलेला. तिच्याच वयाचा, कमरेला करदोटा, डोळ्यांत काजळ. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं फटीतून खडीचा एक तुकडा इकडे सरकवला. हिनं तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि बुचाचं एक फूल तिकडे सरकवलं. दिवाळीनंतरचे दिवस होते, आमच्या रस्त्यावर तेव्हा पहाटे बुचाच्या फुलांचा सडा पडलेला असतो. त्यानं फूल तोंडात घातलं. मागून त्याची आई धावत आली, डोक्यावरचं घमेलं उतरवून तिनं ते त्याच्या तोंडातून काढलं आणि माझ्याकडे बघून हसली. कळमनुरीकडची होती. मामांच्या बाजूचीच, त्यामुळे पुढे मामांनी तिची चौकशी ठेवली.

त्या दिवसापासून रोज फटीपाशी देवघेव सुरू झाली. खडे, फुलं, एकदा बाटलीचं झाकण, एकदा अर्धं बिस्किट. बोलणं जवळजवळ काहीच नाही.

मी ज्या ऑफिसात काम करते तिथे आम्ही वीसेक जण आहोत. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, त्याचा मला पुरेपूर लाभ झाला, आणि त्यासाठी झगडलेल्या बायांचे उपकार मी विसरणार नाही. त्याच दुरुस्तीनं पाळणाघराची तरतूदही आली, पण ती ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. फटीपलीकडच्या त्या आईसाठीही कायदा होता, १९९६ चा, बांधकाम कामगारांचा; २०२५ मध्ये त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या. ५० हून जास्त बाया कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं तो १९९६ चा कायदा सांगायचा. एका सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कामावर एवढ्या बाया असतात कुठे? पाच-सहा असतील. म्हणजे तिच्याही कामाच्या जागी पाळणाघर नाही आणि माझ्याही. फरक एवढाच, की मी महिन्याला पैसे मोजून पाळणाघरातल्या काकू मिळवू शकते आणि तिचा मुलगा सळयांच्या ढिगाशेजारी, साडीच्या झोळीत झोपतो. एवढाच म्हणते खरी, पण हा फरक केवढा मोठा आहे ते रोज सकाळी दिसायचं आणि त्याचं काय करावं ते सुचायचं नाही.

बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांचं काम मला अशा वेळी आठवतं. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला, सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, ही ताराबाईंची रीत. पाड्यावरच्या घरापुढे निदान अंगण होतं. आमच्याकडे अंगणाच्या जागी पार्किंग आलं. आता दाराबाहेर मुलांसाठी जी काही जागा उरली आहे ती हा फुटपाथच. म्हणून तर त्याच्या उंचीवरून आणि रुंदीवरून मला एवढं पोटतिडकीनं बोलावंसं वाटतं.

या संक्रांतीला लेकीचं बोरन्हाण केलं. घरात, पंधरा-वीस माणसांत करायचं असं आधी ठरलं होतं. काळं झबलं सासूबाईंनी शिवून पाठवलं, हलव्याचे दागिने तुळशीबागेतून आणले. मग वाटलं, हिला ज्यांची माया लागली आहे ती माणसं तर खाली रस्त्यावर आहेत. म्हणून सोसायटीच्या फाटकाच्या आत, पारिजातकाखाली चटई अंथरली आणि सगळ्यांना बोलावलं. गिरणीवाले काका पीठ झटकून, सदरा बदलून आले. भाजीवाल्या मावशींनी हरभऱ्याच्या घाट्यांची जुडी आणि बोरं आणली, पैसे घ्यायला साफ नकार दिला. मामांनी करदोटेवाल्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला हाताला धरून आणलं, मागून त्यांची आई हात धुऊन आली.

लेकीला पाटावर बसवलं. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, शेंगा, तिळाच्या रेवड्या असं सगळं मापट्यात कालवून डोक्यावरून ओतलं. पहिल्या मापट्याला ती घाबरली, डोळे गच्च मिटले. मग चुरमुरे केसांत अडकलेत हे लक्षात आल्यावर खदाखदा हसायला लागली. खाली पोरांची झुंबड. सोसायटीतली, इस्त्रीवाल्या काकांची दोन नातवंडं, साइटवरची ती दोघं. कोण कुणाचं काही कळत नव्हतं, सगळ्यांचे हात चटईवर. करदोटेवाल्यानं उसाचा करवा उचलला आणि तो स्वतः न खाता हिच्या हातात दिला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, त्यालाही बसव की पाटावर, बोरन्हाण काय एकाचंच करायचं असतं का?" मग त्यालाही बसवलं. उरलेलं मापटं त्याच्या डोक्यावर. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला होता. शेजारच्या वहिनींनी बायकांना हळदीकुंकू लावलं, तिलाही लावलं आणि सगळ्यांसारखंच तिच्याही हातात वाण ठेवलं. सोसायटीतल्या एक-दोघांना हे रुचलं नसावं, ते लवकर उठून गेले. मला त्याचं वाईट वाटलं, पण पुढच्या वर्षीही मी असंच करणार आहे.

होळीच्या सुमारास तिथलं स्लॅबचं काम संपलं आणि ते कुटुंब रावेतकडच्या साइटवर गेलं. लेक अजूनही फटीपाशी बसते. मामा अधूनमधून त्याच्या आईला फोन करून आम्हाला खुशाली सांगतात. रावेतजवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घालता येईल का, याच्या मी मागे आहे. तिकडच्या एका अंगणवाडी सेविका ताईंशी बोलणं झालंय, त्या साइटवर जाऊन येते म्हणाल्यात.

जूनपासून लेक बालवाडीत जाईल. शाळा बघताना लोकांनी आम्हाला माध्यम, अभ्यासक्रम, एसी बस, स्विमिंग असं बरंच काही विचारलं. आम्ही दोघांनी एकच अट धरली, चालत जाता आलं पाहिजे. मिळाली तशी, दोन खोल्यांची, पुढे चिंचेचं झाड असलेली मराठी बालवाडी, आमच्याच भागात. वाटेत गिरणीही येते. पण मध्ये एक चौक आहे. तिथे सिग्नल नाही, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसलेत आणि फुटपाथ इतका उंच की आजोबांच्या वयाची माणसंही रस्त्यावरूनच चालतात.

आम्ही काही पालकांनी मिळून एक अर्ज तयार केला आहे. मागण्या तीनच. पट्टे रंगवा, चौकाच्या चारही कोपऱ्यांना उतार काढा, फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब बसवा. अर्जासोबत टेप लावून काढलेले फोटो जोडले आहेत, प्रत्येक फोटोत फुटपाथची उंची दिसते आणि शेजारी एक मूल उभं आहे. सह्यांसाठी गिरणी, इस्त्रीची टपरी, रिक्षा स्टँड आणि भाजीचा गाडा असा फिरवला. रिक्षावाल्या दादांनी स्टँडवरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन दिल्या. सोमवारी तो अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जायचं आहे. मुलांनाही नेणार आहोत, चालतच, त्यामुळे सकाळी जरा लवकरच निघू.